चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ

आमच्या दादाचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तो शटर उशिरा उघडायला लागला. मग अर्धंच उघडायचा. मग पुतण्याच दुकान बघू लागला. दादाला पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत तो आढ्याकडे बघत पडून राहायचा. समोरच्या चहावर साय धरायची, तरी कप उचलला जायचा नाही.

धंदा बरा चाललेला, मुलं मार्गी लागलेली. म्हणून आम्ही सगळे त्याला सांगत सुटलो. तुला कमी काय आहे? मन घट्ट कर. देवाचं नाव घे. त्या बोलण्याची मला आज लाज वाटते. आमच्या प्रत्येक वाक्यातून त्याला एकच ऐकू जात होतं, की चूक तुझीच आहे. आणि तेच तो स्वतःला रात्रभर सांगत होता.

तुमच्या घरात कुणाचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ असं विझलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नसेल, तर कृपा करून उपदेश थांबवा. पुरुषांमध्ये नैराश्याचा हा आजार कधी चिडचिडीच्या नाहीतर दारूच्या रूपानं दिसतो. बायकांचं डोकं, अंग, कंबर दुखत राहते आणि ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून दिलं जातं. आधी ओळखीच्या डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या; यांच्या कमी-जास्तीनंही माणूस असा मरगळतो. मग मनोविकारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयातही हे उपचार मिळतात. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

नैराश्यावरच्या गोळ्यांची धास्ती बाळगू नका. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. त्यानंतरही निदान सहा महिने बहुतेकांना त्या चालू ठेवाव्या लागतात.

दादाला गोळ्यांइतकाच उपयोग झाला तो त्याच्या शाळेतल्या मित्राचा. हा गृहस्थ रोज सकाळी सहाला फाटकाशी उभा राहायचा. ‘कसं वाटतंय’ वगैरे काही नाही. ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ,’ एवढंच. पहिले चार दिवस दादा उठलाच नाही. मित्र पाच मिनिटं थांबून परत जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पाचव्या दिवशी दादानं चपला घातल्या. उत्साह आला की करू म्हटलं, तर या आजारात तो येतच नाही. आधी पाय हलतात, मन मागून येतं. म्हणून ठरल्या वेळी उठणं, आंघोळ, थोडं ऊन, कुणाबरोबर तरी दोन घास, एवढंच मागा. दारू मात्र बंद, कारण ती रात्रीपुरती गुंगी देते आणि सकाळ आणखी काळी करते.

आणि तुम्ही स्वतःच त्या अंथरुणावर असाल, तर आज एकाच माणसाला सांगा, ‘मला बरं नाहीये, माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल.’

घरच्यांनो, आजारी माणसाला एक प्रश्न विचारायचं मात्र टाळू नका. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फवारणीचं औषध घरातून हलवा, गोळ्यांची पाकिटं दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

दादाला सावरायला पावसाळा उजाडला. मध्ये दोनदा तो पुन्हा खचला, मित्र मात्र येत राहिला. एका सकाळी फिरून आल्यावर दादानं चहाचा घोट घेतला आणि वहिनीला म्हणाला, ‘अगं, साखर कमी पडलीय.’ वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली.