डाव लहान करण्याचे शहाणपण

पत्त्यांच्या फडात जाणता खेळाडू आणि अजाण खेळाडू यांतील फरक हातातल्या पानांवरून कळत नाही. तो गाठीचा पैसा सरू लागल्यावर कळतो. गेलेली रक्कम एकाच डावात परत मिळवण्यासाठी अजाण खेळाडू बोली दुप्पट करतो, तर जाणता उठून कमी बोलीच्या फडात जाऊन बसतो. जुगाराचे समर्थन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. परंतु शेतीला मोसमी पावसाचा जुगार म्हणण्याची जी प्रथा आहे, ती बीड जिल्ह्याला जवळजवळ अक्षरशः लागू पडते. मग डाव केव्हा लहान करावा, हा प्रश्न तेथे करमणुकीचा न राहता जगण्याचा होतो.

पर्जन्यछायेतील या जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ सोसला. 2012, 2015 आणि 2018 या वर्षांतही पावसाने दगा दिला. सप्टेंबर 2025 मध्ये तर अतिवृष्टीने उभी पिके गेली. निसर्ग असा लहरी असताना शेतकऱ्याची बोली मात्र चढत गेली. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दरवर्षी विकतचे बियाणे, खते व फवारण्या यांचा खर्च कोरडवाहू रानातही अटळ ठरला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने हा खर्च मातीत घातला. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. त्या भावाच्या आशेने ज्यांनी पेरा वाढवला, त्यांना पुढच्याच हंगामात उतरता भाव पाहावा लागला. सारांश, बुडीत वर्षानंतर डाव वाढतो तो भरपाईसाठी आणि बरकतीच्या वर्षानंतर वाढतो तो लोभापायी. तो लहान करण्याची वेळ कधी येतच नाही.

डॅनियल बर्नोली या गणितज्ञाने 1738 मध्येच दाखवून दिले होते की, रक्कम तीच असली तरी तिचे मोल धनिकाला वेगळे आणि निर्धनाला वेगळे असते. सगळा माल एकाच जहाजावर न चढवता तो अनेक जहाजांत विभागावा, हेही त्याने सांगितले. बाजरीच्या ओळींत तूर आणि दावणीला दोन शेळ्या राखणाऱ्या बालाघाटातील शेतकऱ्याला हे शहाणपण बर्नोलीचे नाव न ऐकताही ठाऊक होते.

याच जिल्ह्यात डाव आखडता घेण्याचा एक बोलका दाखला घडला आहे. वारंवारच्या मोठ्या भरपाईमुळे 2020 च्या खरिपात बीडच्या पीक विम्यासाठी खासगी कंपन्या पुढे आल्या नाहीत. तेव्हा सरकारी कंपनीमार्फत ‘बीड पॅटर्न’ आला. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली, तर वरचा भार राज्य शासनाचा. ती 80 टक्क्यांहून कमी राहिली, तर हप्त्याचा 20 टक्के हिस्सा ठेवून उरलेली शिल्लक कंपनीने शासनाला परत करावयाची. नफ्यालाही मर्यादा, तोट्यालाही मर्यादा. व्यवस्था वाजवीच होती, आणि पुढे ती राज्यभर स्वीकारलीही गेली. परंतु विमा कंपनीच्या तोट्याला जी मर्यादा घालता आली, ती दोन एकरांच्या धन्याच्या तोट्याला का असू नये?

‘डाव लहान करा’ हा उपदेश गरिबाला करणे सोपे आहे. लहान डावात कमाईही लहान. तीत मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण कसे भागावे, असे तो विचारील आणि त्याचा प्रश्न रास्तच असेल. ज्याच्यापाशी उठून जाण्याइतकी पुंजीच उरलेली नाही, तो शेवटी ऊसतोडीची उचल घेतो, म्हणजे स्वतःचे अंगमेहनतीचे दिवसच पणाला लावतो. म्हणून केवळ उपदेश पुरेसा नाही. पीककर्ज पेरणीपूर्वी हाती पडावे, तुरी-बाजरीला कपाशीइतकाच खात्रीचा बाजार मिळावा आणि बुडीत वर्षात कर्जाची फेड आपोआप पुढे सरकावी. एवढे झाले, तर डाव लहान करणे ही माघार ठरणार नाही.

तोवर एक हिशेब मात्र शेतकऱ्यानेच करावयाचा आहे. यंदा पीक किती येईल, हे आभाळ ठरवते. पण ते मुळीच आले नाही, तर पुढच्या मृगाला पेरण्यापुरते घरात काय उरेल, हे पेरणीपूर्वी त्यालाच ठरवता येते. त्या उत्तरात शून्य येत असेल, तर तीच डाव लहान करण्याची वेळ होय.