चुलीवरच्या चवीचे कैवारी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही हमरस्त्याला लागा, ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या दिसू लागतात. या चवीचे कैवारी छातीठोकपणे विचारतात, ‘‘आमच्या आज्या-पणज्या जन्मभर चुलीवरचंच जेवल्या, त्यांना कुठे कॅन्सर झाला?’’ दुसरीकडे फोनवरून फिरणारे संदेश बजावतात, की वांगे, कणीस, पापड, काहीही विस्तवावर धरले की कर्करोग ठरलेला. दोन्ही पक्ष मला अमान्य आहेत. त्यातही पहिल्याचा राग अधिक येतो.

‘झाला नाही’ हे मोजले कुणी? देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत सुरू झाली, ती १९६३ साली. ग्रामीण भागातली पहिली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, १९८७ साली. तोवर गावातली बाई खंगून गेली, तर मागे ‘बरेच दिवस आजारी होती’ एवढेच उरे. शिवाय कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा आजार, आणि १९५१च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा आहे, हे मान्य. तरीही साठी ओलांडणारे थोडेच. ज्या आज्या जगल्या त्या आपल्याला आठवतात. ज्या गेल्या, त्यांची साक्ष काढायला कुणी जात नाही.

धुराविरुद्धचा पुरावा मात्र अडीचशे वर्षांचा आहे. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली लिहून ठेवले, की पोरवयात धुराडी साफ करणाऱ्यांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो, आणि त्याचे मूळ अंगावर साचणाऱ्या काजळीत आहे. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोगाच्या गाठी उठवून दाखवल्या. १९३०च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी त्या डांबरातून बेन्झोपायरिन वेगळे काढले. लाकूड, कोळसा, चरबी, काहीही अर्धवट जळाले की हे रसायन आणि त्याची भावंडे तयार होतात. शरीरातली विकरे त्याला बाहेर घालवण्यासाठी त्याचे रूप पालटू लागतात, आणि नेमके या खटपटीत त्याचे असे रूप बनते, की ते थेट डीएनएला जाऊन चिकटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झोपायरिनला पहिल्या गटात, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत, टाकले आहे.

इथेच दुसरा पक्ष घाई करतो. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो. एका घासाने किती धोका वाढतो, ते सांगत नाही. ते ठरते धूर अन्नाला किती लागला यावर. निखाऱ्यांवर मांस धरले, की चरबी ठिबकते, जळते आणि तिचा धूर वर येऊन त्याच मांसावर बसतो. १९६४ साली अमेरिकेत कोळशावर भाजलेल्या स्टेकमध्ये किलोमागे सुमारे ८ मायक्रोग्रॅम बेन्झोपायरिन आढळले होते. वांग्यात ठिबकायला चरबीच नाही, आणि जळलेली साल आपण काढून टाकतो. बोंबील उन्हात वाळतात, धुरात नव्हे. भरीत आणि सुकटीचा धसका घेण्याचे कारण नाही. रोज तंदुरी आणि कबाब खाणाऱ्याने मात्र हात आखडता घ्यावा. शाकाहारी माणसानेही निर्धास्त राहू नये, कारण धुरावर वाळवलेल्या खोबऱ्यातून ही रसायने तेलात उतरतात.

आता ते चुलीवरचे मटण. ते हंडीत शिजते, वर झाकण असते; गिऱ्हाइकाच्या ताटात धूर फारसा येतच नाही. तो जातो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत. घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर निश्चितपणे आणि लाकूड-गोवऱ्यांचा धूर बहुधा कर्करोगकारक, असे तीच कर्करोग संशोधन संस्था सांगते. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसांचे जुनाट विकार, मुलांचा न्यूमोनिया, सगळे आले. फुंकणीने जाळ फुलवणाऱ्या बाईचे खोकणे ज्या पाटीवर लिहिलेले नसते, ती पाटी मला अर्धी वाटते.

मुंबईतल्या पावाच्या भट्ट्यांचा वाद याच जातीचा. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. लगेच ओरड झाली, की पावाची चव जाणार. स्वस्त पडते म्हणून अनेक भट्ट्यांत मोडक्या फर्निचरचे लाकूड जाते. त्यावरचा रंग, पॉलिश आणि डिंक पावाखाली जळतो. त्या चवीसाठी मी एक शब्द खर्च करणार नाही. भट्टीवाल्याची पैशाची अडचण मात्र खरी आहे. नवी भट्टी महाग, रोजचा गॅसही महाग, आणि पाव हे गरिबाचे खाणे. म्हणून महापालिकेने नुसत्या नोटिसा न काढता भट्टी बदलण्यासाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. आणि ज्याला ‘चुलीवरचं’ विकायचेच आहे, त्या ढाबेवाल्याला परवाना देताना चुलीवर उंच धुराडे आणि धूर खेचणारा पंखा, या दोन अटी घालाव्यात.