संगणकाची झाडलोट आणि वर्गणीचा पैसा



सेलू तालुक्यातील एका गावच्या बुद्धविहारातून या सदराकडे पत्र आले आहे. विहाराच्या अभ्यासिकेत समाजबांधवांनी वर्गणी करून घेतलेला एक जुना संगणक आहे. गावातील मुले-मुली त्यावरच शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, निकाल पाहतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. हल्ली तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेतो. त्यात पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येते, की तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले आहेत, ते काढायचे असतील तर पैसे भरा. मंडळात दोन मते पडली आहेत. काहींना वाटते, पैसे भरून मोकळे व्हावे. काही म्हणतात, फुकटचे मिळते तेच टाकावे. साफसफाईचे कोणते सॉफ्टवेअर चांगले, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एका गावचा नाही. पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, कुठेही जा, अभ्यासिकेत असाच एखादा थकलेला संगणक दिसेल. त्याच्या वर्गणीत कुणा मायमाउलीची कापूस वेचणीची मजुरी असते, कुणा हमालाच्या पाठीवरचे ओझे असते. त्यातला एक रुपयासुद्धा भीतीपोटी खर्च होता कामा नये. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे पाहू, की ही सॉफ्टवेअर्स करतात तरी काय? मुख्यतः तीन कामे. पहिले, अडगळ काढणे. इंटरनेट पाहताना साठलेल्या तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिनमधला कचरा, जुन्या अपडेटचे अवशेष. हे काम खरे आहे, त्याने जागा मोकळी होते. दुसरे, संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद करणे. हेही उपयोगाचे आहे. तिसरे म्हणजे 'रजिस्ट्री' साफ करणे. रजिस्ट्री ही विंडोजची नोंदवही. तिच्यातल्या जुन्या नोंदी खोडल्याने वेग वाढतो, असा दावा केला जातो. पण खुद्द विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना पाठिंबा देत नाही. चुकीची नोंद खोडली गेली तर विंडोज नव्याने टाकण्याची पाळी येऊ शकते.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर अडगळ काढून फरक पडतो. जागा भरपूर शिल्लक असेल तर पडत नाही. गोठा झाडला म्हणून म्हातारा बैल तरणा होत नाही!

आता एकेक साधन घेऊ.

विंडोजमध्येच 'डिस्क क्लीनअप' नावाचे साधन विंडोज ९८ पासून आहे. विंडोज १० मध्ये २०१७ साली 'स्टोरेज सेन्स' आले. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात स्टोरेज, तिथे ते सापडते. अडगळ काढण्याचे पहिले काम ही दोन्ही करतात. दुसरे काम टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' या भागात हाताने होते. खर्च शून्य. बहुतेक घरांना आणि विहारांना एवढे पुरेसे आहे.

मायक्रोसॉफ्टचेच 'पीसी मॅनेजर' हे वेगळे, मोफत साधन आहे. सगळी बटणे एका जागी असल्याने नवख्याला सोपे पडते. मात्र २०२४ मध्ये त्यात दुरुस्तीचा उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टचेच बिंग हे शोधयंत्र लावून घ्या, असा सल्ला दिसू लागला होता. शोधयंत्र बदलणे ही दुरुस्ती कशी? मालक मोठा असला तरी स्वतःचा माल खपवतोच.

'सीक्लीनर' हे या धंद्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. मोफत आवृत्ती आहे आणि पैसे भरून घ्यायचीही आहे. काम बरे करते. पण २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत चोरट्यांनी कंपनीच्या नकळत घातक भाग घुसवला आणि तो सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचला. लोकांनी ते अधिकृत जागेवरूनच घेतले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ही कंपनी अवास्टने विकत घेतली होती. त्या अवास्टला, ग्राहक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती विकल्याच्या प्रकरणात, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. साफ करायला बोलावलेला माणूस घरातले काय काय पाहतो, हे विचारलेच पाहिजे.

'ब्लीचबिट' हे २००८ पासून चालत आलेले मोफत साधन. त्याची मांडणी जाणकारांना तपासता येईल अशी खुली ठेवली आहे. त्यात जाहिरात नाही, भीती दाखवणे नाही. पण ते कडक आहे. सेव्ह केलेले पासवर्ड पुसण्याच्या चौकटीवर खूण केली तर ते पुसतेच. वाचून मग खूण करणाऱ्यासाठी ते उत्तम.

आपल्या महाराष्ट्रातले नाव म्हणजे पुण्याचे 'क्विक हील'. सातारा जिल्ह्यातून आलेले, दहावीपर्यंत शिकलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय यांनी संगणकाचे शिक्षण घेतले आणि व्हायरस काढणारे सॉफ्टवेअर लिहिले. त्यातून उभी राहिलेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. आपल्या मुलांनी हे उदाहरण जरूर वाचावे. यांच्या 'टोटल सिक्युरिटी'त 'पीसी ट्युनर' हे साफसफाईचे साधन दिले जात आले आहे. व्हायरसपासून संरक्षणासाठी कुणी ते घेतलेच असेल तर त्यातला ट्युनर वापरावा. पण केवळ झाडलोटीसाठी दरवर्षी पैसे भरण्याचे कारण नाही.

राहिली ती लाल अक्षरे. त्या आकड्यांचे मर्म अमेरिकेतल्या एका प्रकरणात उघडे पडले. ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत संगणकाची मोफत तपासणी करून देत. आधी ग्राहकाला चार प्रश्न विचारीत. संगणक मंद झाला आहे का, वगैरे. त्यातल्या एकावर जरी खूण पडली, तरी घातक प्रोग्रामची लक्षणे सापडली असा निकाल यायचा. तपासणीत काय सापडले याच्याशी त्या निकालाचा संबंधच नव्हता! २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांना मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरावे लागले. २०२४ मध्ये रीइमेज आणि रिस्टोरो या साफसफाईवाल्या कंपन्यांनाही खोटी भीती दाखवून विक्री केल्याच्या आरोपावरून २ कोटी ६० लाख डॉलर द्यावे लागले.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले? ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. दर रविवारी वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पहा! अंगात देव येऊन कोंबडे मागणारा आपण गावातून हद्दपार केला. मग पडद्यावर लाल अक्षरांत येऊन पैसे मागणाऱ्यापुढे हात का जोडायचे?

पारखायचे कसे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'डिस्क'खाली सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुखणे बहुधा तिथेच आहे. मेमरी भरलेली दिसत असेल तर रॅम कमी आहे. ही दोन्ही दुखणी कोणत्याही साफसफाईने बरी होत नाहीत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की तोच संगणक बराच चपळ होतो.

वाणिज्य शाखेत खर्चाचे दोन प्रकार शिकवतात, महसुली आणि भांडवली. सॉफ्टवेअरची वर्गणी हा दरसालचा महसुली खर्च. वर्ष संपले की हाती काही नाही. एसएसडी हा भांडवली खर्च. एकदा केला की वर्षानुवर्षे कामी येतो. मंडळाने पैसा खर्चायचाच असेल तर तो इथे खर्चावा. पक्के बिल घ्यावे आणि जुनी डिस्क दुकानात सोडू नये. तिच्यावर आपल्या लेकरांचे कागद असतात.

कागदांवरून सर्वांत महत्त्वाची सूचना. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका हे सारे मुले 'डाउनलोड्स'मध्येच ठेवतात. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत हा डाउनलोड्सचा फोल्डरही आला होता आणि घाईने खूण करणाऱ्यांच्या फाइली गेल्या. पुढे तो यादीतून काढला. स्टोरेज सेन्समध्ये मात्र तसा पर्याय आहे, तो 'कधीच नाही' यावरच ठेवा. झाडलोटीआधी कागद पेन ड्राइव्हवर उतरवा. आधार आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात.

सामाईक संगणकावर आणखी एक झाडलोट रोज हवी. काम झाले की प्रत्येकाने आपल्या खात्यातून बाहेर पडावे, ब्राउझरमधला इतिहास पुसावा, पासवर्ड सेव्ह करू नये. ही वेगासाठी नाही, आपल्या मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात असू द्या. विंडोज ११ चालत नसेल अशा जुन्या संगणकावर मोफत लिनक्स टाकता येते. जाणकार तरुणांनी त्यासाठी पुढे यावे.

दर पौर्णिमेला आपण विहाराची झाडलोट करतो, पंचशील ध्वज नीट करतो. त्याच दिवशी अर्धा तास संगणकाला द्या. कागद उतरवणे, अडगळ काढणे, अपडेट घेणे, पंख्याची धूळ झटकणे. एका मुलाने आणि एका मुलीने मिळून करावे, वहीत तारीख लिहावी, पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्या दोघांनी. वर्षभरात गावातली चोवीस मुले-मुली हे काम शिकतील, आणि लाल अक्षरांना भिणारे घर गावात उरणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!