रोगाचे नाव अफवेने ठरत नाही!

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहराने जे भोगले, त्याचे स्मरण आज मुद्दाम करून द्यावयाचे आहे. वेड रोडच्या परिसरातील काही रोग्यांना ताप, खोकला आणि रक्तमिश्रित कफ असा विकार जडला. पटापट माणसे दगावू लागली आणि ‘प्लेग’ हा शब्द वणव्यासारखा पसरला. थोड्याच दिवसांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. मागावर पोट भरणारे आमचे खानदेशी बांधवही भुसावळच्या वाटेने गावाकडे धावले. बळी पन्नासच्या आसपास गेले. भीतीने केलेल्या नासाडीला मात्र गणती नाही!

हा रोग खरोखर प्लेगच होता काय? प्रयोगशाळेतील निर्णायक पुरावा वेळीच हाती न आल्यामुळे तज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद माजला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने तो जंतू प्लेगचाच असल्याचे दाखविले. रोगाचे नाव निश्चित व्हावयास सहा वर्षे!

याउलट ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला कोरोना रुग्ण आढळला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने नमुना तपासून निःसंदिग्ध निदान केले. साधन होते, म्हणून सत्य कळले.

कोणी म्हणेल, ताप-खोकल्याला विश्रांती पुरे. तपासणीचा खटाटोप कशाला? हाच भ्रम घातक आहे. फुप्फुसाच्या प्लेगात पहिल्याच दिवशी दिलेले प्रतिजैविक प्राण वाचविते. कोरोनाच्या विषाणूवर तेच औषध व्यर्थ. क्षयाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात, इन्फ्लुएन्झाचे औषध निराळे. आरंभीची लक्षणे मात्र बहुतांशी सारखी! वास अकस्मात नाहीसा झाला, तर कोरोनाचा संशय बळावतो; पण संशय म्हणजे निदान नव्हे, आणि वास शाबूत असल्याने रोग नाही असेही ठरत नाही.

तपासण्यांचाही विवेक हवा. आरटी-पीसीआर नाकातील वा घशातील स्रावात विषाणूचा जनुकीय अंश शोधते. शीघ्र अँटिजेन चाचणी काही मिनिटांत उत्तर देते. तिने ‘आहे’ म्हटले तर मानावे, ‘नाही’ म्हटले आणि लक्षणे कायम असली, तर आरटी-पीसीआर करून घ्यावी. स्राव नीट घेतला गेला नाही, तर तीही चुकू शकते. रक्तातील प्रतिपिंडे बहुधा होऊन गेलेल्या संसर्गाची साक्ष देतात, आजच्या आजाराची नव्हे. आणि धाप लागली किंवा ऑक्सिमीटरवरील आकडा उतरू लागला, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नगरवासीयांनो, ताप लपवू नका, शेजाऱ्याच्या खोकल्याला स्वतःच नाव देऊ नका. नमुना घेण्याची आणि अहवाल वेळेवर मिळण्याची सोय आपल्या गावात आहे काय, हे साथ येण्यापूर्वीच आपल्या नगरपालिकेला विचारा. सोय नसेल, तर ती हक्काने मागा. सुरतेने मोजलेली किंमत आपण पुन्हा का मोजावी?