सोंगट्या नव्हे, पानं बदलली

बोर्डगेमचं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा पुरवणी संच, घेताना गिऱ्हाईक आधी खोका उलटा करतं आणि मागच्या चित्रातल्या सोंगट्या मोजतं. नवी जहाजं किती, नवे सैनिक किती? विज्ञानकथांवरच्या मिनिएचर खेळांत तर हा हिशेब हमखास होतो, कारण त्या बोटभर प्लास्टिकच्या प्रतिकृतींसाठीच अनेकांनी खिशात हात घातलेला असतो. पण संच पैसे वसूल करणारा आहे की नाही, हे त्या मोजणीतून कळत नाही. 'स्टार वॉर्स: रिबेलियन' आणि त्याचं 'राइज ऑफ द एम्पायर' हे एक्स्पान्शन ही जोडी त्याचा चांगला दाखला आहे.

'रिबेलियन' 2016 साली फँटसी फ्लाइट गेम्सने बाजारात आणला. त्याची रचना कोरी कोनिच्का यांची. दीडशेहून अधिक सोंगट्या, 32 ग्रहमंडळांचा पट आणि तीन-चार तासांची बैठक. एका गड्याकडे साम्राज्य: स्टार डिस्ट्रॉयर, स्टॉर्मट्रूपर, डेथ स्टार असा सगळा सरंजाम. दुसऱ्याकडे बंडखोर: थोडी एक्स-विंग आणि एक गुपित. त्यांचा तळ नेमका कुठे आहे, हे एका पालथ्या पानालाच ठाऊक. साम्राज्याने तो तळ हुडकून काबीज करायचा, बंडखोरांनी तोवर तग धरायचा. फेरीगणिक काळाची खूण पुढे सरकते, बंडखोरांनी एखादं उद्दिष्ट साधलं की लौकिकाची खूण मागे येते. दोन्ही खुणा भेटल्या की बंडखोर जिंकले.

या खेळाची खरी मजा माणसांच्या वाटपात आहे. साम्राज्याच्या डार्थ व्हेडरला मोहिमेसाठी राखून ठेवलं, की आरमार हलवायला तो मोकळा राहत नाही. बंडखोरांच्या राजकन्या लियाला बोलणी करायला धाडलं, की शत्रूची मोहीम हाणून पाडायला एक माणूस कमी. प्रत्येक फेरीत हातात माणसं थोडी आणि कामं ढीगभर. एवढ्या सोंगट्या पटावर असूनही डाव ठरतो तो 'कोणाला कुठे पाठवू?' या घोळात.

आणि मग लढाई लागते. इथेच मूळ खेळ अडखळतो. छोट्या विमानांना काळ्या फाशांचा मार लागतो, मोठ्या जहाजांना लाल फाशांचा. इथवर ठीक. पण त्यावर डावपेचांची पानं ओढायची, तीही नशिबाने येतील तशी. हे पान एक घाव वाढवतं, ते पान एक घाव अडवतं, पुन्हा फासे, पुन्हा पानं. अंतराळातलं संपलं की जमिनीवर तेच. तासभर डोकं लढवून रचलेला सापळा ऐन वेळी कारकुनी बेरीज-वजाबाकीत अडकतो.

'राइज ऑफ द एम्पायर' 2017 सालचं. डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या 'रोग वन' चित्रपटातली मंडळी त्यात आहेत: जिन अर्सो, कॅसियन अँडोर आणि डेथ स्टारच्या बांधणीवर देखरेख करणारा क्रेनिक. नव्या सोंगट्याही आहेत. पण खोक्यातला मोलाचा ऐवज म्हणजे लढाईच्या पानांचे नवे गठ्ठे. ते जुन्या पानांमध्ये मिसळायचे नाहीत. जुनी पानं सरळ खोक्यात परत ठेवायची.

आता दोघांच्या हातात आपापल्या बाजूची ठरलेली पानं असतात. प्रत्येक चकमकीला दोघांनी एकेक पान निवडून पालथं ठेवायचं आणि एकदम उलटायचं. पानावर नाव असलेलं जहाज ताफ्यात असेल, तर त्या पानाचा प्रभाव अधिक. वापरलेलं पान बाजूला पडतं. समोरच्याने दणक्याचं पान पहिल्याच चकमकीत खर्च केलं की पुढच्यासाठी राखून ठेवलं, हा अंदाज बांधताना लढाईतही तीच चुरस येते, जी तळाच्या शोधात आहे. 'इंटरडिक्टर' हे साम्राज्याचं नवं जहाज समोर असेल, तर बंडखोरांना माघार घेता येत नाही. पटावरची एक सोंगटी, पण तिच्या भीतीने ताफा कुठे न्यायचा याचा विचार दोन फेऱ्या आधीपासून करावा लागतो. नवी सोंगटी असावी तर अशी.

भर घालणं वाईटच, असा याचा अर्थ नाही. त्याच कंपनीचा 'ट्वायलाइट इम्पेरियम' घ्या. त्याच्या 2017 च्या चौथ्या आवृत्तीत 17 वंश होते. 2020 च्या 'प्रॉफेसी ऑफ किंग्ज'ने आणखी 7 दिले आणि खेळणाऱ्यांची कमाल संख्या सहावरून आठवर नेली. तिथे ते शोभतं, कारण तरतऱ्हेचे वंश आणि त्यांचं आपसातलं साटंलोटं हाच त्या खेळाचा प्राण आहे. अर्थात आठ जणांचा डाव म्हणजे अख्खा दिवस गेला. 'रिबेलियन'ला मात्र आणखी गर्दी नको होती, त्याचं एक दुखणं बरं व्हायला हवं होतं. म्हणून खोका उलटा करण्याआधी मूळ खेळ चार-पाचदा खेळून तो कुठे रेंगाळतो हे पाहावं. पहिल्याच दिवशी दोन्ही संच एकत्र आणणाऱ्याला नव्या पानांनी काय सुधारलं, ते कधीच उमगत नाही.

'राइज ऑफ द एम्पायर'मध्ये उणिवाही आहेत. नवे नियम, नवी माणसं आणि नव्या सोंगट्यांमुळे आधीच लांबलचक असलेली मांडामांड आणखी वाढते. नवख्याला समजावून सांगताना पाऊण तास सहज जातो. लढाई चटपटीत झाली, तरी संपूर्ण डाव काही आटोपशीर होत नाही. तीन-चार तासांची बैठक तशीच राहते, आणि समोर चिकाटीने बसणारा दुसरा गडीही लागतोच. तो मात्र या खोक्यात मिळत नाही.