खोक्यावरचा आकडा आणि घरातला करार



मागच्या महिन्यात आमच्या चिरंजीवांच्या एका वर्गमित्राचा वाढदिवस होता. आधी पॅनकेक, मग बागेत फुटबॉल, असा बेत कळला होता. संध्याकाळी घ्यायला गेले तर बाग रिकामी आणि सगळी पोरं माळ्यावर! मित्राच्या मोठ्या भावाने 'ग्रँड थेफ्ट ऑटो' लावलं होतं. खोक्यावर आकडा १८, आणि आमचं लेकरू अकरा वर्षांचं. मी काही बोलले नाही. येताना सायकलवर सहज विचारलं, "काय खेळलात रे?" उत्तर आलं, "फुटबॉल."

खरं सांगते, त्या खेळापेक्षा ते "फुटबॉल" मला जास्त लागलं. घरी आल्यावर आपल्या जुन्या पद्धतीने निकाल लावला. प्लेस्टेशन कपाटात, कपाटाला कुलूप. घरात अबोला सुरू झाला. बुधवारी रात्री पुण्याहून बहिणीचा फोन आला, "अगं, आज हा आला नाही का खेळायला? आमचा वाट बघत बसला होता."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. इथे बुधवारी शाळा दुपारीच सुटते. उन्हाळ्यात आपल्याकडे अडीच वाजतात तेव्हा पुण्यात सहा वाजलेले असतात. तेवढ्या वेळात ही दोन मावसभावंडं 'फोर्टनाइट' खेळतात. मी मराठीत विचारलं की चिरंजीव मला डचमध्ये उत्तर देतात. पण भावाशी मात्र "अरे मागे बघ, जिन्यात लपलाय तो!" असं धाडधाड मराठी चालतं. कुलूप लावताना मी तेही बंद केलं होतं.

मग जरा शांतपणे माहिती काढली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न असणार, म्हणून इथे मांडते.

खेळांच्या खोक्यावर ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात. ही 'पेगी' पद्धत, युरोपात २००३ पासून सुरू झाली. तिच्या कामात आपल्या इथल्या 'निकाम' या संस्थेचा मोठा वाटा आहे. टीव्ही आणि सिनेमासाठीची 'कैकवैझर' चिन्हं याच संस्थेची. आकडा खेळ किती अवघड आहे ते सांगत नाही, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. "माझा हुशार आहे, बाराचा खेळ आठव्या वर्षीच जमतो" याला काही अर्थ नाही. मारामारीपुरतं बोलायचं तर १२ म्हणजे माणसासारख्या पात्रांना मारतात, पण ते खरं वाटत नाही. १६ म्हणजे खऱ्यासारखं दिसतं. १८ म्हणजे क्रौर्य, किंवा निराधार, निष्पाप माणसांना विनाकारण मारणं. 'फोर्टनाइट' १२ मध्ये येतो. म्हणजे आमचा त्यालाही एक वर्ष कमीच!

पण आई-बापाच्या मनातली भीती आकड्यापुरती नसते. हे खेळून पोरगं उद्या कुणावर हात उचलेल का, ही ती भीती. इथे ९ एप्रिल २०११ रोजी आल्फेन आन डेन राइनच्या बाजारसंकुलात एका २४ वर्षांच्या तरुणाने गोळीबार केला. सहा माणसं मारली आणि स्वतःलाही संपवलं. तो युद्धाचे खेळ खेळायचा, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. प्रकरण पुढे कोर्टात गेलं ते मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर. मानसिक आजाराचा इतिहास असताना पोलिसांनी त्याला बंदुकीचा परवाना दिला होता. २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पोलिसांना जबाबदार धरलं.

संशोधनही असंच सबुरीने बोलतं. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांची पाहणी केली. त्यांना हिंसक खेळ आणि मुलांचं आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटलं की चिडणं, ओरडणं, ढकलणं याच्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. म्हणून १८ चा खेळ अकरा वर्षांच्या मुलाला चालेल का? मुळीच नाही. खुनी होईल म्हणून नव्हे, तर ते पाहण्याचं त्याचं वय नाही म्हणून. रात्री लाइट चालू ठेवून झोपायची वेळ त्याच्यावर का आणायची?

शिवाय पैशाचा भाग वेगळाच. खेळात पैसे लागू शकतात याचं चिन्ह पेगीने २०१८ मध्ये आणलं. आणि मे २०२४ मध्ये इथल्या ग्राहक प्राधिकरणाने 'फोर्टनाइट'च्या कंपनीला ११ लाख २५ हजार युरोंचा दंड ठोठावला. "आत्ताच घे" म्हणत मुलांवर खरेदीचा दबाव आणल्याचा ठपका होता. आपण बंदुका मोजत बसतो आणि खिशाकडे लक्षच नसतं.

शेवटी धीर करून त्या मित्राच्या आईला फोन केला. वाटलं होतं, बाईंना राग येईल. तर त्या सरळ म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे थोरल्याचं आणि धाकट्याचं वेगळं ठरलेलं आहे, त्या दिवशी मोडलं. तुमच्याकडे काय ठरलंय?" आता काय सांगणार? आमच्याकडे काहीच ठरलेलं नव्हतं. फक्त कुलूप होतं. डच लोकांची 'आफस्प्राक' म्हणजे नुसती डॉक्टरची अपॉइंटमेंट नव्हे, घरात पोराशीही ती करायची असते, हे इतक्या वर्षांनी कळलं.

मग आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि कागदावर लिहिलं. १६ आणि १८ चे खेळ कुणाच्याच घरी नाहीत. 'फोर्टनाइट' फक्त बुधवारी आणि शनिवारी, पुण्याच्या भावाबरोबर, दिवाणखान्यात, हेडफोन न लावता. गप्पा ओळखीच्यांशीच, खरेदीला पिन, आणि ही दोन्ही सेटिंग त्याच्यासमोर केली. वेळ घड्याळाने मोजायची नाही, डावाने मोजायची, तीन डाव. ही त्याची अट. मध्येच बंद केलं की जोडीदार उघडा पडतो, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. माझी अट एकच. कुणाकडे काही भलतं लावलं तर येऊन सांगायचं. सांगितलंस तर ओरडणार नाही.

मागच्या बुधवारी मी शेजारी बसून पाहिलं. मला काडीचंही कळलं नाही. मधेच पुण्याहून आवाज आला, "मावशी, तू पण ये ना!" आले, आणि एका मिनिटात मेले. दोघं पोट धरून हसत होते.

शनिवारी तो दुसऱ्या मित्राकडून आला. सायकल लावता लावता म्हणाला, "आई, तिकडे सोळाचा होता. मी थोडा वेळ पाहिला. सांगतोय फक्त." मराठीत म्हणाला. मला आतून ओरडावंसं वाटत होतं. पण करार म्हणजे करार. "बरं," म्हटलं, "चल, हात धू."

तुमच्याकडे काय ठरलंय, जरूर कळवा.

लोभ असावा.