सीमेवरच्या ठरावांना घाबरायचं कशाला?

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यातले सरपंच २०१८ मध्ये ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ म्हणाले, तेव्हा त्यांना कुणी संधिसाधू म्हटलं, कुणी सरळ गद्दार. २०२२ च्या अखेरीस जतच्या गावांनी कर्नाटकाचं, सुरगाण्याच्या गावांनी गुजरातचं नाव घेतलं, देगलूरकडून पुन्हा तेलंगणाची मागणी आली, आणि तेच शब्द पुन्हा बाहेर निघाले. हे शब्द मला मान्य नाहीत. पण या गावांनी जे कारण पुढे केलं तेही मला पटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आधी गद्दारीचा आरोप घेऊ. आरोप करणाऱ्यांचं म्हणणं असं: संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, आणि आज मराठी बोलणारी गावं चार पैशांसाठी दुसऱ्या राज्यात जायला निघाली, हा हुतात्म्यांचा अपमान आहे. या बोलण्यामागची कळकळ मी समजू शकतो. पण नांदेडची पूर्वेकडची सीमा कशी आखली गेली हे त्यांनी एकदा पाहावं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं आठवं कलम उघडा. हैदराबाद राज्यातला नांदेड जिल्हा मुंबई राज्याला दिला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं वगळून. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलंही वगळून. उलट आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल इकडे आलं. म्हणजे रेघ पडली ती महसुली सर्कलांच्या हद्दीवरून. धर्माबाद मूळचं मुधोळ तालुक्यातलं. तालुका आंध्र प्रदेशात गेला आणि धर्माबाद इकडे राहिलं. रेल्वेने धर्माबाद सोडलं की गोदावरीकाठचं बासर लागतं, ते दुसऱ्या राज्यात. भैंशात आणि मुधोळात आजही घरोघरी मराठी बोलली जाते, धर्माबादच्या बाजारात तेलुगू सर्रास चालते, सोयरिकी दोन्हीकडे आहेत. त्या वेळी कुठल्याही गावाला कुणी विचारलं नव्हतं. ज्याला कधी विचारलंच नाही तो साठ वर्षांनी आपणहून बोलला, तर त्याने कोणतं वचन मोडलं?

आता गद्दारी म्हणणाऱ्यांना एक थेट प्रश्न. बेळगाव, निपाणी, कारवार यांच्यासाठी महाराष्ट्र कोणत्या तत्त्वावर भांडतो? खेडं हा घटक, भाषेचं बहुमत, भूप्रदेशाची सलगता आणि लोकांची इच्छा, या चार तत्त्वांवर. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद हरिभाऊ पाटसकरांनी खेड्याला घटक मानून सोडवला, त्याचा दाखला आपण दर वेळी देतो. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली. आपण तो अहवाल नाकारला, कारण बेळगाव शहर आणि आजूबाजूच्या मराठी खेड्यांना त्यात न्याय नव्हता. २००४ मध्ये आपण सर्वोच्च न्यायालयात गेलो. २७ डिसेंबर २०२२ रोजी विधिमंडळाने कर्नाटकातली ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत असा ठराव एकमताने केला. मी त्या ठरावाच्या बाजूचा आहे, पूर्णपणे. पण बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या माणसाची इच्छा पवित्र आणि धर्माबादच्या माणसाची इच्छा गद्दारी, असं म्हणून हा खटला लढता येत नाही. लोकेच्छा हे तत्त्व असेल तर आपल्याला गैरसोयीची इच्छासुद्धा कान देऊन ऐकावी लागेल. नाहीतर कर्नाटक जे म्हणतं तेच खरं ठरेल: की महाराष्ट्राला तत्त्वाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त जमीन हवी आहे.

दुसरा आक्षेप सुशिक्षित माणूस घेतो, आणि तो वरवर फार समंजस वाटतो. देशात कुठेही राहायचा हक्क घटनेने दिलेला आहे. ज्याला तेलंगणा आवडतो त्याने तिकडे राहायला जावं, सीमा कशाला हलवायची?

हा सल्ला फक्त पगारदार माणसाला लागू पडतो. पुण्याचा अभियंता हैदराबादला जातो तेव्हा त्याचं सगळं त्याच्याबरोबर जातं. शेतकऱ्याची जमीन जागची हलत नाही. आणि जातीचा दाखलासुद्धा हलत नाही, हे शहरात फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. किनवटच्या तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती ‘अ’ प्रवर्गात आहे. तोच समाज तेलंगणात लंबाडा म्हणून १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीत गेला. एकाच कुळातल्या दोन भावांची मुलं, एक सीमेच्या अलीकडे आणि एक पलीकडे, तर दोघांच्या नोकरीच्या आणि कॉलेजच्या वाटा वेगळ्या. मग अलीकडच्याने पलीकडे राहायला जावं? तो गेला तरी उपयोग नाही. एका राज्यात अनुसूचित असलेल्याला दुसऱ्या राज्यात स्थलांतर करून ते हक्क मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्येच सांगून टाकलं आहे. याचा दुसरा पदरही पाहायला हवा. महाराष्ट्रातून लंबाडा येतात आणि आमच्या वाट्याच्या जागा घेतात, अशी आदिलाबादच्या गोंडांची तक्रार आहे आणि त्यावरून २०१७ मध्ये उटनूर भागात मोठा तणाव झाला. तेव्हा ‘पटत नसेल तर तिकडे जा’ म्हणणाऱ्याने ‘तिकडे’ कोण राहतं हेही पाहावं.

शाळेचंही तसंच. तेलंगणात नोकरीसाठी ‘स्थानिक’ ठरायचं तर पहिली ते सातवीतली किमान चार वर्षं तिथे शिकलेली लागतात. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यात बसायचं तर दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. धर्माबादचा बाप मुलाला जवळचं मोठं गाव म्हणून निजामाबादला चुलत्याकडे ठेवतो; तिथे इंग्रजी माध्यम चांगलं, वसतिगृहाचा खर्च वाचतो. हा निर्णय तो मूल सहा-सात वर्षांचं असताना घेतो आणि त्याची किंमत मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कळते. सीमेवर राहणारा माणूस अशा रीतीने दर पिढीला ‘कोणती बाजू’ हा प्रश्न सोडवतच असतो. आपण त्याच्याकडे तेव्हाच पाहतो जेव्हा तो ठराव करतो.

इथवर मी गावांच्या बाजूने बोललो. आता गावांशी बोलतो, कारण त्यांनी पलीकडच्या योजनांचं जे कारण दिलं ते कच्चं आहे.

२०१८ मध्ये पलीकडचं चित्र खरंच डोळ्यांत भरणारं होतं. १ जानेवारीपासून शेतीला चोवीस तास मोफत वीज. मे महिन्यापासून रयतु बंधू योजना, एकरी हंगामाला चार हजार, पुढे पाच. शेतकरी गेला तर घरच्यांना पाच लाखांचा विमा. आणि सीमेच्या अलीकडे? आठवड्यातले काही दिवस वीज दिवसा, उरलेले दिवस रात्री. कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री उठून माणूस बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, पायाखाली चिखल, बांधावर साप, ऑटो-स्टार्टर लावलेला असला तरी बारं मोडायला हातच लागतो. आणि ओढ्यापलीकडच्या शेतात त्याचाच मावसभाऊ उन्हात मोटार चालू करून झाडाखाली बसलेला असतो. हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्याला अस्मितेचं व्याख्यान देऊ नये. त्याचा संताप न्याय्य होता.

पण संतापाच्या भरात त्याने वाढत्या आणि घटत्या आकड्यांवर राज्य निवडायला घेतलं. रयतु बंधूचे पैसे पासबुक ज्याच्या नावावर त्याला मिळत. बटईने किंवा कौलाने कसणाऱ्याला छदाम नव्हता. सीमाभागात बटईदार किती आहेत हे सरपंचांना सांगायची गरज नाही. २०२३ च्या अखेरीस तिथलं सरकार निवडणुकीत पडलं. नव्या सरकारने एकरी वर्षाला पंधरा हजारांचा शब्द दिला होता. २०२५ मध्ये नाव बदलून योजना आली ती बारा हजारांची. इकडे २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी योजनेचे सहा हजार आले, २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आली. पाच-सहा वर्षांत दोन्हीकडचे आकडे इतके हलले. निवडणुकीबरोबर बदलणाऱ्या गोष्टीसाठी जी बदलायला संसदेचा कायदा लागतो ती सीमा बदलून मागायची, हा सौदा गावाच्या तोट्याचा आहे.

जे टिकतं त्यावर बाजू निवडावी. सातबारा कोणत्या भाषेत आहे, फेरफाराची नोटीस आजीला वाचता येते की वाचून घ्यावी लागते, कोर्टात साक्ष देताना दुभाषा लागतो का. आणि पाणी. धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा २.७४ टीएमसीचा, गोदावरीच्या वाटपात महाराष्ट्राला मिळालेल्या ६० टीएमसीतला हा हिस्सा आहे. तेव्हाच्या एकसंध आंध्रने तो थांबवायला सर्व ताकद लावली, त्यांचे माजी मुख्यमंत्री २०१० मध्ये थेट धर्माबादला येऊन स्वतःला अटक करवून घेऊन गेले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राहू दिला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची अट घातली. भर पुरात पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं आणि दारं पाडतात तेव्हा पावसाळा सरलेला असतो, हे दुःख खरं आहे. तरी जो काही साठा होतो तो महाराष्ट्र त्या पाण्यासाठी भांडला म्हणून. धर्माबाद पलीकडे असतं तर तेलंगणाच्या श्रीरामसागर धरणाच्या डोक्यावर हा बंधारा कुणी बांधला असता?

म्हणून माझं मत असं की धर्माबाद, देगलूर, बिलोलीच्या माणसाने महाराष्ट्रात राहावं. पण हे मत मी त्याला पटवून द्यायला हवं, त्याच्यावर लादायला नको. आणि पटवून देण्याचं काम सरकारला अजिबात नवं नाही. जतचा गाजावाजा झाल्यावर तिथल्या विस्तारित म्हैसाळ सिंचन योजनेला एकदम गती आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी नांदेडात सभा घेतली आणि पुढच्याच महिन्यात नमो शेतकरी योजना जाहीर झाली. त्याचं एक कारण सीमेवरचे हे आवाज होते, असं मी समजतो. ज्यांना गद्दार म्हटलं गेलं त्यांच्यामुळे लातूरच्या आणि यवतमाळच्या शेतकऱ्याच्याही खात्यात पैसे पडले.

तेव्हा सीमेवरच्या ग्रामपंचायतीने ठराव केला तर जिल्हाधिकाऱ्याने तो दडपू नये, त्यावर सरकारने लेखी उत्तर द्यावं, ते उत्तर ग्रामसभेत वाचलं जावं. आणि निजामाबादला शिकलेल्या धर्माबादच्या मुलाला महाराष्ट्राचा मुलगा माना. हे अशक्य नाही. कर्नाटकात असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी आपण व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखतो, त्यांची शाळा दुसऱ्या राज्यात झाली हे आड येऊ देत नाही. कर्नाटकातल्या खानापूरच्या मुलासाठी जो नियम वाकवला तो आपल्याच हद्दीत घर, शेत आणि सातबारा असलेल्या मुलासाठी वाकवायला सीमा हलवावी लागत नाही, संसदेकडेही जावं लागत नाही. मुंबईतून एक शासन निर्णय निघाला की काम होतं.